कच्चं तेल उतरलं तरी सिंगापूरचं डिझेल का चढतं? आशियातल्या इंधनबाजाराचा कल कसा ओळखायचा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: कारखान्यासाठी डिझेल आणि फर्नेस ऑइल (बॉयलरमध्ये जाळायचं जड तेल) घेण्याचा करार सिंगापूरच्या भावाशी बांधलेला आहे. महिनाभर कच्चं तेल उतरत होतं, तरी डिझेलचं बिल वाढलं आणि फर्नेस ऑइलचं जवळजवळ होतं तिथेच राहिलं. मग आशियातला कल पुढच्या दोन-तीन महिन्यांसाठी कसा ओळखायचा आणि त्यासाठी नेमके कोणते आकडे बघायचे?

यात दोन प्रश्न एकमेकांत अडकलेत. कच्च्या तेलाचा भाव कुठे जाईल हा एक, आणि त्या भावावर शुद्ध इंधनासाठी आणखी किती मोजावं लागेल हा दुसरा. पहिल्याचं उत्तर ओपेकचे निर्णय, युद्धं आणि डॉलर यांच्या हातात असतं, त्यात मी शिरणार नाही. दुसऱ्याचा अंदाज मात्र बऱ्याच अंशी बांधता येतो, कारण तो रिफायनऱ्या, जहाजं, साठे आणि सरकारी परवाने अशा मोजता येण्यासारख्या गोष्टींवर उभा असतो. खरेदीदाराने आपला वेळ तिथेच घालवावा असं माझं ठाम मत आहे.

कल शोधायला निघण्याआधी आपला करार उघडून तीन गोष्टी तपासा. भाव कोणत्या दिवसांच्या सरासरीवर लागतो? ‘मागच्या महिन्याची सरासरी’ असेल तर उतरत्या बाजारात तुमचं बिल एक महिना मागे चालणारच, त्यात कल वगैरे काही नाही. दुसरं, कोणती प्रत लिहिली आहे? डिझेलमध्ये १० पीपीएम (दहा लाख भागांत १० भाग) गंधकाचा भाव आणि ५०० पीपीएमचा भाव वेगळा असतो. तिसरं, सिंगापूरच्या भावावर वेगळा लागणारा प्रीमियम ठरलेला आहे की दर तिमाहीला बदलतो, आणि चलन कोणतं आहे? बरेचदा अर्धं कोडं इथेच सुटतं. पुढचं सगळं उरलेल्या अर्ध्यासाठी.

आता सिंगापूरचा भाव म्हणजे काय ते नीट लक्षात घ्या. आशियात बहुतेक करार प्लॅट्स या भाव जाहीर करणाऱ्या संस्थेच्या मूल्यांकनावर चालतात. त्याच्या सरासरीला ‘मॉप्स’ म्हणतात. सिंगापूरच्या वेळेनुसार दुपारी साडेचारला बाजार बंद धरला जातो, आणि त्याआधीच्या अर्ध्या तासात आलेल्या बोली, देकार आणि सौदे यांवरून त्या दिवसाचा भाव ठरतो. पेट्रोल, जेट (विमान इंधन) आणि डिझेलचा हा भाव आज हातात असलेल्या मालाचा नसून पुढच्या १५ ते ३० दिवसांत जहाजावर चढणाऱ्या कार्गोचा असतो. म्हणून आज सिंगापुरात टाक्या भरलेल्या असूनही भाव चढू शकतो: तीन आठवड्यांनी माल कमी पडणार हे व्यापाऱ्यांना दिसत असतं. डिझेलच्या मुख्य बेंचमार्कची प्रत जानेवारी २०१८ पासून ५०० पीपीएमवरून १० पीपीएम झाली. जुन्या करारांमध्ये अजूनही जुनी प्रत आणि तिच्यावर वजावट असा प्रकार सापडतो. नाफ्था म्हणजे रसायन उद्योगाला लागणारा हलका तेलभाग; त्याचा भाव याला अपवाद आहे. तो जपानपोच धरला जातो आणि टनात सांगितला जातो.

बॅरल आणि टन यांच्या गल्लतीने अनेक हिशेब चुकतात, म्हणून व्यवहारात वापरले जाणारे गुणक जवळ ठेवा: १ टन म्हणजे डिझेलचे ७.४५ बॅरल, फर्नेस ऑइलचे ६.३५, जेटचे साधारण ७.९, पेट्रोलचे साधारण ८.५ आणि नाफ्थ्याचे ९ च्या आसपास. १ बॅरल म्हणजे जवळपास १५९ लिटर.

मुख्य आकडा आहे क्रॅक, म्हणजे त्या इंधनाचा भाव वजा कच्च्या तेलाचा भाव. आशियात डिझेल, जेट आणि फर्नेस ऑइलसाठी दुबई क्रूड, म्हणजे आखाती कच्च्या तेलाचा प्रमाण भाव, धरतात. पेट्रोल आणि नाफ्थ्यासाठी ब्रेंट, म्हणजे उत्तर समुद्रातल्या कच्च्या तेलाचा भाव, हाही धरतात. समजा दुबई ७० डॉलर आणि डिझेल ८८ डॉलर, तर क्रॅक १८. महिन्याभरात दुबई ६४ वर आलं आणि डिझेल ८९ वर गेलं, तर क्रॅक २५. कच्चं तेल ६ डॉलरनी उतरलं, क्रॅक ७ डॉलरनी वाढला, आणि तुमच्या बिलात १ डॉलरची वाढ दिसली. हे आकडे समजावण्यापुरते घेतलेत, पण असं प्रत्यक्षात होतं. जून २०२२ मध्ये सिंगापुरात १० पीपीएम डिझेलचा क्रॅक ६० डॉलरच्या पुढे गेला होता. त्या वेळी फक्त ब्रेंटकडे बघून बजेट आखणाऱ्याला आपलं कुठे चुकलं हेच कळलं नसतं. म्हणून पहिली सवय: भावाचा एक तक्ता ठेवू नका, दोन ठेवा. एकात दुबई, दुसऱ्यात क्रॅक.

क्रॅक का हलतो हे कळायला रिफायनरी कशी वागते ते बघावं लागतं. एका बॅरल क्रूडमधून फक्त डिझेल काढता येत नाही. पेट्रोल, नाफ्था, जेट, डिझेल आणि तळाचा जड भाग हे सगळं एकदमच निघतं. प्रमाण थोडंफार इकडे-तिकडे करता येतं, त्याहून जास्त नाही. रिफायनरी जास्त चालवायची की कमी, हा निर्णय सगळ्या उत्पादनांच्या एकत्रित मार्जिनवर, म्हणजे विक्रीतून कच्च्या तेलाचा खर्च वजा जाता उरणाऱ्या रकमेवर, होतो. त्यामुळे डिझेल महाग झालं की रिफायनऱ्या भरधाव चालतात आणि सोबत नको असलेला नाफ्थाही बाजारात येतो. नाफ्थ्याचा क्रॅक पडतो. उलट पेट्रोल आणि नाफ्था दोन्ही मंदावले तर एकूण मार्जिन घटतं, रिफायनऱ्या उत्पादन कापतात, आणि मागणी फारशी न वाढताही डिझेल तुटपुंजं होतं. ‘डिझेलची मागणी कमी, तरी भाव वर’ अशा बातमीमागे बहुतेक वेळा हेच असतं. तुमच्या वस्तूचा भाव तिच्या भावंडांच्या भावावर अवलंबून आहे, हे डोक्यात पक्कं बसवा.

आता चीनकडे वळतो. यावर मी सगळ्यात जास्त वेळ देतो आणि तुम्हीही द्यावा. चीनची शुद्धीकरण क्षमता आशियात सर्वांत मोठी आहे, आणि तिथून बाहेर येणारा माल फक्त बाजारभावावर ठरत नाही. पेट्रोल, डिझेल आणि जेटच्या निर्यातीला सरकारी कोटा लागतो. तो वर्षात काही हप्त्यांत, प्रामुख्याने सिनोपेक, सीएनपीसी, सीनूक, सिनोकेम अशा सरकारी कंपन्यांना मिळतो. खासगींपैकी झेजियांग पेट्रोकेमिकलला मिळतो. शानडोंग प्रांतातल्या छोट्या स्वतंत्र रिफायनऱ्यांना, ज्यांना व्यापारी ‘टीपॉट’ म्हणतात, हा कोटा नाही. त्यांचा माल देशातच विकला जातो, तिथला घाऊक भाव पाडतो, आणि मग सरकारी कंपन्यांना आपला माल बाहेर ढकलावासा वाटतो. म्हणजे चिनी निर्यातीचा अंदाज घ्यायचा तर तीन प्रश्न विचारायचे: कोटा किती शिल्लक आहे, देशातल्या घाऊक भावापेक्षा निर्यातीत जास्त मिळतं का, आणि सरकारी रिफायनऱ्या किती क्षमतेने चालल्या आहेत?

कोट्याचा धक्का किती मोठा असू शकतो याचं उदाहरण २०२२ चं. वर्षाच्या पूर्वार्धात चीनने निर्यात आवळून धरली होती, आणि रशियावरच्या निर्बंधांच्या भीतीत तिची भर पडून आशियातलं डिझेल भडकलं. सप्टेंबरअखेरीस एकदम मोठा हप्ता सुटला, त्यात पेट्रोल, डिझेल आणि जेट मिळून १.३२५ कोटी टन. वर्षाच्या शेवटी न वापरलेला कोटा सहसा वाया जातो, म्हणून चौथ्या तिमाहीत ‘किती शिल्लक आहे’ हा आकडा सोन्यासारखा. शिल्लक भरपूर आणि मार्जिन बरं, तर नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये माल येतो. शिल्लक संपत आली, तर जानेवारीतल्या नव्या हप्त्यापर्यंत दक्षिण चीनकडून फारशी अपेक्षा ठेवू नये.

यात १ डिसेंबर २०२४ पासून एक बदल झाला. निर्यातीवर मिळणारा व्हॅटचा परतावा चीनने १३ टक्क्यांवरून ९ टक्के केला. उरलेले ४ टक्के निर्यातदाराच्या माथी बसतात. ८५ डॉलरच्या मालावर हे साधारण सव्वातीन-साडेतीन डॉलर होतात, आणि क्रॅक १२-१५ डॉलर असताना ही रक्कम लहान नाही. त्यामुळे पूर्वी ज्या भावाला चिनी माल बाहेर पडायचा, त्याच भावाला आता तो पडेलच असं नाही. आयात क्रूडवर प्रक्रिया करून परत पाठवण्याच्या मार्गाने जाणाऱ्या निर्यातीला हा फटका बसत नाही, म्हणून एकूण आकड्यासोबत निर्यातीचा प्रकारही बघावा लागतो.

लांबचा कलही इथेच दडलाय. विजेवर चालणाऱ्या गाड्यांमुळे चीनमध्ये पेट्रोलची वाढ थांबत आली आहे. डिझेलवर दोन बाजूंनी दाब आहे: बांधकामातली मंदी आणि एलएनजीवर (द्रवरूप नैसर्गिक वायूवर) धावणारे अवजड ट्रक. पण ‘चीनची मागणी घटली म्हणजे आशियात माल वाढणार’ असा सरळ निष्कर्ष काढू नका. मधे कोटा आहे, क्षमतेवर सरकारने घातलेली वर्षाला १०० कोटी टनांची मर्यादा आहे, आणि नव्या चिनी प्रकल्पांचा रोख इंधनापेक्षा रसायनांकडे आहे. शानडोंगमधली दिवसाला ४ लाख बॅरलची युलोंग रिफायनरी २०२४ मध्ये सुरू झाली, ती अशाच घडणीची.

पुढची गोष्ट आर्बिट्राज, म्हणजे पूर्व-पश्चिम भावातली तफावत. बरेच खरेदीदार याकडे ‘युरोपचा विषय’ म्हणून दुर्लक्ष करतात, आणि तिथेच डिझेलचा अंदाज हुकतो. भारताचा पश्चिम किनारा आणि आखात हे आशियातल्या डिझेलचे मोठे विक्रेते. त्यांचा माल सिंगापूरकडेही जाऊ शकतो आणि रॉटरडॅमकडेही. युरोपने चांगला भाव दिला की तो पश्चिमेला वळतो, आणि आशियात मागणी तसूभर न वाढताही सिंगापूरचा क्रॅक चढतो. युरोपीय संघाने ५ फेब्रुवारी २०२३ पासून रशियन इंधनाची सागरी आयात बंद केल्यावर हे वळण नेहमीचंच झालं.

व्यापारात सिंगापूरचा डिझेल स्वॉप (पुढच्या महिन्यांच्या भावावरचा सौदा, ज्यात माल न हलता फक्त फरकाची रक्कम दिली-घेतली जाते) वजा आयसीई या एक्स्चेंजवरचा युरोपचा गॅसऑइल म्हणजे डिझेल वायदा, या फरकाला ‘ईएफएस’ म्हणतात. तो टनामागे डॉलरमध्ये मोजतात आणि बहुधा उणे असतो. जितका जास्त उणे, तितकं पश्चिमेचं आकर्षण मोठं. पण नुसता ईएफएस बघून आर्ब (आर्बिट्राज) उघडा आहे, म्हणजे माल पश्चिमेला पाठवणं फायद्याचं आहे, असं म्हणणं चूक. एक हिशेब मांडून बघू. सगळे आकडे उदाहरणापुरते. सिंगापूर ८८ डॉलर प्रति बॅरल, म्हणजे टनाला ६५५.६. आखातातून सिंगापूरचं भाडं टनाला २० डॉलर धरलं तर विक्रेत्याच्या हातात ६३५.६. युरोपचा वायदा ७०० डॉलर. ९०,००० टनांच्या एलआर-२ जहाजाचं भाडं ४९.५ लाख डॉलर, म्हणजे टनाला ५५. हातात उरले ६४५. वरवर पश्चिम टनामागे ९.४ डॉलरनी सरस. पण जहाज पोचायला वेळ लागतो. सुएझमार्गे साधारण तीन आठवडे, आफ्रिकेच्या टोकाला वळसा घालून पाच आठवडे. तोवर चालू महिन्याचा वायदा संपलेला असतो आणि मालाला पुढच्या महिन्याचा भाव लागतो. पुढचा महिना १५ डॉलरनी स्वस्त असेल तर ७०० चे ६८५ झाले, हातात उरले ६३०. आता पूर्व ५.६ डॉलरनी सरस! सिंगापूरच्या प्रवासालाही दिवस लागतात, तिथेही थोडी घट धरायला हवी, पण तो प्रवास बराच लहान. नोव्हेंबर २०२३ पासून तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले, तेव्हा वाढलेल्या भाड्याइतकाच या वाढलेल्या दिवसांनीही आर्बचा हिशेब बदलला. खरेदीदारासाठी नियम असा: युरोपातली टंचाई तीव्र पण अल्पकाळाची वाटत असेल, तर आशियातून माल तिकडे जाईलच असं गृहीत धरू नका.

राजकीय नियमही याच हिशेबात घुसतात. भारताने १ जुलै २०२२ पासून निर्यातीवर विशेष शुल्क लावलं, सुरुवातीला डिझेलवर लिटरला १३ रुपये आणि पेट्रोल व विमान इंधनावर ६ रुपये. दर पंधरवड्याला ते बदलायचं, आणि डिसेंबर २०२४ मध्ये ते काढून टाकलं. रशियन क्रूडपासून बनवलेल्या इंधनावर युरोपीय संघाची बंदी २१ जानेवारी २०२६ पासून आहे. अशा नियमाने माल नाहीसा होत नाही, त्याच्या वाटा बदलतात: कुणाचा माल आफ्रिकेत किंवा आग्नेय आशियात वळतो, तर युरोप दुसरीकडून घेतो. बदल झाल्यावर पहिले सहा-आठ आठवडे भाडं आणि प्रीमियम जास्त हलतात, मूळ भाव त्यामानाने कमी. तुमच्या करारातला प्रीमियम तिमाहीला बदलत असेल तर त्याची नोंद घ्या.

पुरवठ्याच्या नकाशाबद्दल जरा वेगाने. गेल्या काही वर्षांत क्षमता पूर्वेच्या जुन्या देशांतून आखात, चीन आणि भारताकडे सरकली. कुवेतची अल-झूर (दिवसाला ६.१५ लाख बॅरल), सौदीची जझान (४ लाख) आणि ओमानची दुक्म (२.३ लाख) सुरू झाल्या. त्याच काळात फिलिपिन्समध्ये तबांगाओ, ऑस्ट्रेलियात क्विनाना आणि अल्टोना, न्यूझीलंडमध्ये मार्सडन पॉइंट इथलं शुद्धीकरण थांबलं. ऑस्ट्रेलियात आता दोनच रिफायनऱ्या उरल्यात. परिणाम असा की मोठे आयातदार आणि मोठे निर्यातदार यांच्यातलं अंतर वाढलं, आणि सिंगापूरच्या भावात जहाजभाड्याचा वाटा पूर्वीपेक्षा जास्त झाला. कोरिया-सिंगापूर आणि आखात-जपान या मार्गांची भाडी आठवड्यातून एकदा तरी बघा. आखातातला डिझेलचा भाव तर सिंगापूरच्या भावातून भाडं वजा करूनच काढतात; भाडं वाढलं की तिथल्या विक्रेत्याला कमी मिळतं आणि तुम्हाला प्रीमियम जास्त पडतो.

आता साठे. हे आकडे सगळ्यांना सहज मिळतात आणि सगळ्यात जास्त चुकीचे वाचले जातात. एंटरप्राइज सिंगापूर ही सरकारी संस्था दर गुरुवारी आदल्या दिवशी संपलेल्या आठवड्याचे आकडे देते, तीन गटांत: हलकी इंधनं, मध्यम इंधनं म्हणजे डिझेल आणि जेट एकत्र, आणि जड अवशेष. संयुक्त अरब अमिरातीतल्या फुजैरा बंदराचे आकडे सोमवारच्या स्थितीचे असतात आणि बुधवारी येतात. जपानच्या पेट्रोलियम संघटनेचे आकडेही बुधवारीच. चीनच्या सीमाशुल्क विभागाचा एकूण आकडा महिन्याच्या ७ तारखेच्या आसपास आणि उत्पादननिहाय तपशील १८ च्या सुमारास येतो.

चुका कुठे होतात? एकाच आठवड्याची उडी बघून निष्कर्ष काढणं ही पहिली. सिंगापुरात मध्यम इंधनांचा साठा अलीकडच्या वर्षांत बहुतेक काळ ८० लाख ते १.२ कोटी बॅरलच्या पट्ट्यात फिरतो. दोन एलआर-२ एका आठवड्यात आली की यात १३-१४ लाख बॅरलची भर पडते, आणि बाजारात काहीच बदललेलं नसतं. म्हणून चार आठवड्यांची सरासरी काढा आणि ती आधीच्या वर्षांतल्या याच आठवड्यांशी ताडून बघा. दुसरी चूक: समुद्रावर तरंगणारा साठा या आकड्यांत नसतो. तिसरी चूक सगळ्यात महत्त्वाची. साठा वाढला की भाव पडणार असं धरलं जातं, पण साठा कशामुळे वाढला ते विचारलं जात नाही. आर्ब बंद झाल्याने माल अडकला असेल तर भावावर दबाव येतो. व्यापारी पुढे चढ्या भावाच्या अपेक्षेने साठवत असतील तर ती वेगळी गोष्ट.

हा फरक ओळखायला महिन्या-महिन्यातला फरक बघायचा, म्हणजे चालू महिन्याचा स्वॉप वजा पुढच्या महिन्याचा. चालू महिना महाग असेल तर बॅकवर्डेशन; बाजार म्हणतोय, माल आत्ता हवा. पुढचा महिना महाग असेल तर कॉन्टँगो. बाजार म्हणतोय, आत्ता नको. टाकीचं भाडं बॅरलमागे महिन्याला ६० सेंट धरा, ८८ डॉलरच्या मालावर वर्षाला ६ टक्क्यांनी महिन्याचं व्याज ४४ सेंट. म्हणजे कॉन्टँगो १ डॉलरच्या वर गेल्याशिवाय साठवण परवडत नाही. साठा वाढतोय पण बॅकवर्डेशन टिकून आहे, तर त्या वाढीवर मी फारसा विश्वास ठेवत नाही. माल आलाय आणि लगेच निघणार आहे असं समजतो. साठा वाढतोय आणि बॅकवर्डेशन रोज वितळतंय, तर क्रॅक उतरायला सहसा फार दिवस लागत नाहीत. माझ्या कामात सगळ्यात आधी इशारा देणारा आकडा हाच आहे, क्रॅकच्याही आधी.

इथवरचं एका दमात: कच्चं तेल आणि क्रॅक वेगळे करा, क्रॅक कशाने हलतोय ते चीनचा कोटा, पश्चिमेचा आर्ब आणि रिफायनऱ्यांचं एकूण मार्जिन यांत शोधा, आणि खात्री महिन्यांच्या फरकावरून करून घ्या.

तुमच्या दुसऱ्या वस्तूकडे, फर्नेस ऑइलकडे, येतो. तिचं गणित डिझेलपेक्षा बरंच वेगळं आहे. १ जानेवारी २०२० पासून जहाजांच्या इंधनातल्या गंधकाची मर्यादा ३.५ टक्क्यांवरून ०.५ टक्क्यावर आली. तेव्हापासून सिंगापुरात दोन समांतर बाजार आहेत: ०.५ टक्क्याचं कमी गंधकाचं आणि ३८० सीएसटीचं (सीएसटी हे चिकटपणाचं माप) जास्त गंधकाचं. त्यांच्यातल्या फरकाला ‘हाय-फाइव्ह’ म्हणतात. २०२० च्या पहिल्या दिवसांत तो टनाला ३०० डॉलरच्या वर होता, नंतर कधी १०० च्याही खाली गेला. त्या वेळी बहुतेकांचा समज असा होता की जास्त गंधकाच्या तेलाला आता कुणी वाली उरणार नाही. झालं उलट. स्क्रबर, म्हणजे धुरातलं गंधक काढणारं यंत्र, बसवलेली जहाजं वाढली, आखातातली आणि दक्षिण आशियातली वीजनिर्मिती उन्हाळ्यात ते जाळते, चीनच्या स्वतंत्र रिफायनऱ्या ते कच्चा माल म्हणून घेतात, आणि नव्या रिफायनऱ्या तळाचा माल कोकरमध्ये (जड भाग तोडून हलकं इंधन काढणाऱ्या युनिटमध्ये) घालून संपवतात, त्यामुळे तो निघतोच कमी. भर म्हणजे ओपेक प्लसने (ओपेक आणि रशियासारखे तिचे साथीदार देश) उत्पादन कापलं की बहुतेक वेळा मध्यम-जड, जास्त गंधकाचं क्रूड कमी होतं, आणि जड इंधन त्यातूनच येतं.

म्हणून कच्चं तेल उतरत असताना तुमचं फर्नेस ऑइल जागेवर राहिलं यात नवल नाही. यासाठी बघायचं ते असं. एप्रिल ते ऑगस्ट आखातातली मागणी. रशियन फ्युएल ऑइलची (फर्नेस ऑइलचंच व्यापारातलं नाव) आवक, कारण ते आता मुख्यतः आशियातच येतं. आणि चीनचे कर: १ जानेवारी २०२५ पासून तिथे फ्युएल ऑइलचं आयात शुल्क १ टक्क्यावरून ३ टक्के झालं आणि टीपॉट मंडळींची भूक मंदावली. कमी गंधकाच्या बाजूला अल-झूरची निर्यात आणि नायजेरियातल्या दांगोते रिफायनरीचं कामकाज बघा. तिथलं पेट्रोल बनवणारं मोठं युनिट बंद पडलं की त्याला लागणारा कमी गंधकाचा माल विक्रीला निघतो आणि सिंगापूरपर्यंत येतो. मागणीसाठी सिंगापूरच्या बंकर विक्रीचा, म्हणजे जहाजांना विकलेल्या इंधनाचा, मासिक आकडा पुरेसा. २०२४ मध्ये ती विक्री जवळपास ५.५ कोटी टन होती, तोवरचा उच्चांक. तुमचा बॉयलर जास्त गंधकाचं तेल घेत असेल तर करारातला भाव ३८० सीएसटीशी बांधलाय की १८० शी, हेही बघा. चिकटपणा कमी करायला जो हलका माल मिसळतात त्याचा खर्च १८० मध्ये येतो.

पेट्रोल आणि नाफ्था तुम्ही घेत नाही, पण भावंडं म्हणून एक नजर हवी. पेट्रोलसाठी इंडोनेशियाची खरेदी सगळ्यात बोलकी, विशेषतः रमजानच्या आधीचे आठवडे. नाफ्थ्यासाठी इथिलीनशी (प्लास्टिकचा कच्चा माल) असलेला फरक बघतात: तो टनाला २५०-३०० डॉलरच्या खाली गेला की क्रॅकर, म्हणजे नाफ्थ्यापासून इथिलीन बनवणारे कारखाने, उत्पादन कापतात, आणि प्रोपेन नाफ्थ्याच्या ९० टक्क्यांच्या आसपास किंवा खाली आला की ज्यांना शक्य आहे ते एलपीजीकडे वळतात. दोन्हीकडे मंदी दिसली की रिफायनऱ्यांचं एकूण मार्जिन तपासा, कारण उत्पादन कपातीची सुरुवात तिथून होते आणि महिन्याभराने ती तुमच्या डिझेलमध्ये दिसते. जेटचा तुमच्याशी संबंध जास्त जवळचा. जेट वजा डिझेल या फरकाला ‘रिग्रेड’ म्हणतात. तो खूप उणे असेल तर रिफायनऱ्या जेटचा काही भाग डिझेलमध्ये मिसळतात आणि डिझेलला दिलासा मिळतो. हिवाळ्यात जपान-कोरियात घरं तापवायला केरोसीन लागतं, तेव्हा तो दिलासा कमी होतो.

ऋतुमान ढोबळ असतं, पण उपयोगी पडतं. ईशान्य आशियातल्या रिफायनऱ्यांची मोठी देखभाल मार्च ते मे आणि पुन्हा सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास असते. भारतात पावसाळ्यात डिझेलचा खप उतरतो, निर्यातीला जास्त माल निघतो. पावसाळा संपला की खप परत चढतो. त्यामुळे जुलै-ऑगस्टमध्ये आखात-भारताकडून माल जास्त, आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये भारताची मागणी व कोरियाची देखभाल एकत्र येण्याची शक्यता. मात्र देखभालीचं वेळापत्रक महिनोन्महिने आधी माहीत असतं, बाजार ते भावात आधीच धरतो. भाव हलवते ती अचानक झालेली बंदी किंवा लांबलेली देखभाल.

प्रत्यक्ष काम म्हणून आठवड्याला अर्धा तास असा घालवा. गुरुवारी सिंगापूर आणि फुजैराचे साठे, चार आठवड्यांच्या सरासरीसह. त्याच दिवशी डिझेलचा क्रॅक, चालू-पुढच्या महिन्याचा फरक, ईएफएस आणि रिग्रेड असे चार आकडे एका ओळीत लिहा, फर्नेस ऑइलसाठी क्रॅक आणि हाय-फाइव्ह. महिन्यातून एकदा चीनची निर्यात आणि उरलेला कोटा. तीन महिने ही वही भरली की कोणता आकडा आधी हलतो आणि कोणता मागून, हे तुमच्या डोळ्यांना दिसायला लागेल.

आणि निर्णय असे घ्या. महिन्यांचा फरक वितळत असेल, साठे चढत असतील आणि चीनचा कोटा शिल्लक असेल, तर ठरलेल्या भावाने मोठी खरेदी टाळून मॉप्सशी बांधलेलंच घ्या. बॅकवर्डेशन वाढत असेल, ईएफएस जास्त उणे होत असेल आणि चीनचा कोटा संपत आला असेल, तर पुढच्या तिमाहीच्या गरजेच्या एक तृतीयांश ते निम्म्या भागाचा भाव निश्चित करून टाका. सगळाच नको, कारण आर्ब एका भाडेवाढीने बंद होऊ शकतो. हेजिंग, म्हणजे भाव वाढण्याच्या जोखमीपासून बचावाचा सौदा, करायचं झालं तर डिझेलसाठी सिंगापूर १० पीपीएम स्वॉप वापरा. एक लॉट १,००० बॅरलचा असतो. ब्रेंटचा वायदा सोपा वाटतो, पण त्यात क्रॅकची जोखीम तुमच्याकडेच राहते, आणि तुमच्या प्रश्नातलं वाढलेलं बिल नेमकं त्या जोखमीचं आहे. करार नव्याने होईल तेव्हा ‘मागच्या महिन्याची सरासरी’ बदलून माल चढवण्याच्या तारखेभोवतालच्या पाच दिवसांची सरासरी मागा. पुरवठादाराने ती नाकारली तर निदान माल मिळाला त्याच महिन्याच्या सरासरीवर तडजोड करा.